चारास एक धरावे

शालन,

परवा कचेरीत तुझ्यासाठी शोकसभा झाली. खुर्च्या कमी पडल्या, मागची माणसं जिन्यात उभी होती. सरांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. "तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखत होतं?" असं म्हणाले. मी उभी राहिले. तू कामाला किती पक्की होतीस ते सांगितलं. एक कार्ड चुकलं तर सबंध गठ्ठा पुन्हा मोजायचीस ते सांगितलं. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलीस आणि सुटलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी हजर होतीस, तेही सांगितलं. सगळं खरं होतं. मागे कुणीतरी डोळे पुसले. मी खाली बसले तेव्हा लक्षात आलं, तुझ्या-माझ्यात जे उरलं होतं तेवढंच मी वगळलं होतं. ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. तुलाच सांगायचं होतं, आणि तू होतीस तेव्हा मी ते धड सांगितलं नाही. म्हणून लिहिते आहे.

तू गेलीस म्हणून आपलं भांडण मिटलं, असं मला वाटत नाही. हे आधीच सांगते.

मी कचेरीत आले ती दीक्षेच्या दुसऱ्या वर्षी. आमच्या घरातली सगळी दादरच्या चौपाटीवर दीक्षा घेऊन बौद्ध झाली होती, आणि मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. दादरला पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत सरांनी काम मांडलं होतं. गिरणगावातल्या कामगारांची घरं फिरायची आणि लिहून आणायचं: घरात माणसं किती, मूळ गाव कुठलं, घरात बोलतात कुठली भाषा, धर्म कोणता, गिरणीत खातं कोणतं. मग त्याचे तक्ते करायचे. पहिल्या दिवशी तू मला विचारलंस, "चाळ कुठली?"

"करी रोडची."

"मी लालबागची. मग संध्याकाळी बरोबरच जाऊ."

तू आणखी काही विचारलं नाहीस. त्या कचेरीत बाकी सगळ्यांनी पहिल्या तासात माझं आडनाव विचारलं होतं. तू नाही विचारलंस, ते मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं.

सुरुवातीच्या दिवसांतलीच गोष्ट. सरांनी तक्त्यांसाठी आकड्यांची यादी केली होती, कारण पुढे ही सगळी माहिती यंत्रावर मोजायची होती आणि यंत्राला अक्षरं कळत नव्हती. धर्माचा रकाना चौदावा. एक म्हणजे हिंदू, दोन म्हणजे मुसलमान, तीन ख्रिस्ती, नऊ म्हणजे इतर. सर वाचत होते आणि मी मान खाली घालून ऐकत होते. तू मधेच म्हणालीस, "सर, चार मोकळा आहे. चार म्हणजे बौद्ध."

सर म्हणाले, "संख्या थोडी असेल. इतरांत जाऊ द्या."

"थोडी आहे का जास्त, ते मोजल्याशिवाय कसं कळणार?"

सर हसले आणि त्यांनी चारपुढे बौद्ध लिहिलं. शालन, तो चार तू मिळवलास. माझ्यात तेव्हा बोलायची हिंमत नव्हती. हे मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच पुढचं मला गिळता आलं नाही.

त्यानंतरचे महिने आपण चाळी पालथ्या घातल्या. करी रोड, काळाचौकी, परळ, लालबाग. आमच्या वस्तीत लोक कार्डाकडे टक लावून बघत बसायचे. एका म्हाताऱ्यानं मला कार्ड उलटं धरून त्याच्याकडे वळवायला लावलं. त्याला वाचता येत नव्हतं. "बौद्ध कुठं लिवलंय त्यावर बोट ठेव," म्हणाला. मी बोट ठेवलं. त्यानं तिथं आपलं बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. तू दारात उभी होतीस. जिना उतरताना तू म्हणालीस, "कुसुम, एवढ्यासाठी तरी हे काम नीट व्हायला पाहिजे."

आणि तुझं घर. पहिल्यांदा आले तेव्हा मी उंबऱ्याशी थबकले होते. तुझी आई आतून म्हणाली, "इलंस गो बाय? बस, जेवल्याशिवाय जावचा नाय." मला वेगळा कप नाही, वेगळी ताटली नाही. माशाची आमटी तिनं तुझ्या आणि माझ्या भातावर एकाच पळीनं वाढली. आबा, तुझे वडील, साचेवाले. कपडा विणायच्या खात्यात पंचवीस वर्षं उभं राहून त्यांना ऐकायला कमी येत होतं, म्हणून ते मोठ्यानं बोलत. चळवळीत त्यांच्या खात्यातले निम्मे लोक त्यांच्या मागून तुरुंगात गेले होते. ते मला "आमची दुसरी" म्हणायचे. त्या घरात मी कधी पाहुणी नव्हते. हे लिहिताना मला आताही बरं वाटतं, आणि लगेच वाईटही वाटतं.

यंत्र फोर्टातल्या एका मोठ्या कंपनीत होतं. शनिवारी दुपारी ते आपल्याला वापरायला मिळायचं. घरोघर लिहून आणलेल्या कार्डांवरून प्रत्येक माणसाचं एक यंत्राचं कार्ड, त्याच्या प्रत्येक रकान्यात एका आकड्यावर भोक. चौदाव्या रकान्यात चारावर भोक म्हणजे माणूस बौद्ध. यंत्रात गठ्ठा घातला की ते खडाखड कार्डं वाटत जाई, प्रत्येक आकड्याचा वेगळा कप्पा. तिथला चालवणारा सांगितल्यापेक्षा एक गोष्ट जास्त करत नसे, म्हणून त्याला सूचनांचा कागद द्यावा लागे. आधी कुठल्या रकान्यावर वाटायचं, मग प्रत्येक कप्पा पुन्हा कुठल्या रकान्यावर, आकडे कुठे उतरवायचे. हे कागद तू लिहायचीस. किती सुरेख लिहायचीस. एक ओळ, एक काम. मी विचारायचे, एवढं बारीक कशाला? तू म्हणायचीस, "त्याला मन नाही ना. आपण लिहू तेवढंच त्याला कळणार." मला ते काम तू शिकवलंस. आज मला जे काही येतं ते तुझ्याकडून आलेलं आहे.

त्या शनिवारी आपण पहिल्यांदा दोन रकाने एकत्र घातले. उभं खातं, आडवा धर्म. मी आकडे सांगत होते, तू तक्त्यात लिहीत होतीस. त्रासनखातं, म्हणजे सूत कातायचं खातं, तिथं चाराच्या घरात भरपूर माणसं. रंगखातं, सफाई, गोदाम, तिथंही. मग साचाखातं आलं. एकाच्या घरात मोठा आकडा. दोनाच्या घरात मोठा आकडा. चाराच्या घरात काही नाही.

"कार्डं अडकली असतील," मी म्हणाले.

तू गठ्ठा पुन्हा घालायला लावलास. पुन्हा तेच. मग तू कप्प्यात हात घालून बघितलंस. कप्पा रिकामा होता. तू तक्त्यात शून्य लिहिलंस.

मग तिथंच बाकावर बसून मी तुला वडिलांची गोष्ट सांगितली. ते त्रासनखात्यात आहेत. त्यांना साचा चालवायचा होता, त्यांचा हात चांगला होता. दोनदा त्यांनी जॉबरला, खात्यात माणसं भरणाऱ्या मुकादमाला, विचारलं. साच्यावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात नवा दोरा घालताना तो तोंडानं ओढून घ्यावा लागतो. जॉबर म्हणाला, साच्यावर तोंड लागतं रे, तुझं तोंड लागलेल्या धोट्याला दुसरा तोंड लावील का? बाकीचे उठून जातील. वडिलांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. दीक्षेनंतर त्यांना वाटलं होतं की आता विचारावं. तरी नाही विचारलं.

तू माझा हात धरलास. "हे छापलं पाहिजे," तू म्हणालीस. मी नाही म्हणाले, शालन. तू म्हणालीस.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन वडिलांना सांगितलं की एक शून्य छापून येणार आहे. त्यांना आधी कळेना. मी पाटीवर तक्ता काढून दाखवला. ते त्या रिकाम्या घराकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मी एकटाच नव्हतो तर."

त्यानंतर दर आठ-पंधरा दिवसांनी ते विचारायचे, "पुस्तक निघालं का?"

पुस्तक वर्षभरानं निघालं. गठ्ठा कचेरीत आला तेव्हा तू रजेवर होतीस. मी उभ्या उभ्या पान शोधलं. खातं उभं, धर्म आडवा. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, इतर. मला वाटलं, छापखान्यात एक रकाना गळला. मग बेरीज केली. बेरीज बरोबर जुळत होती. एकही माणूस गळला नव्हता. सगळे हिंदूंत होते. माझे वडील हिंदूंत होते, बोट ठेवणारा म्हातारा हिंदूंत होता. आणि साचाखात्याच्या ओळीत शून्य कुठंच नव्हतं. प्रस्तावनेत सरांनी तक्ते तयार करणाऱ्यांचे आभार मानले होते. पहिलं नाव तुझं, दुसरं माझं.

मी सरांकडे गेले. सर चष्मा पुसत म्हणाले, "पण तुम्हाला तर माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

त्यांनी फाईल काढली. शेवटच्या फेरीचा सूचनांचा कागद. तुझं अक्षर, एक ओळ, एक काम. "रकाना १४ : चारास एक धरावे."

"शालिनीबाई म्हणाल्या, तुमची संमती आहे," सर म्हणाले. "मला वाटलं, तुमच्या मंडळींनीच तसं ठरवलं असेल. धर्म बदलल्यावर मुलांच्या सवलतींचा प्रश्न निघतो ना. मी त्यात पडलो नाही."

ते खरं बोलत होते. ते कधीच कशात पडत नसत. मी तो कागद दोनदा वाचला आणि परत दिला.

तू दुसऱ्या दिवशी आलीस. संध्याकाळी नेहमीसारख्या आपण दादरहून चालत निघालो. परळचा पूल ओलांडेपर्यंत मी थांबले.

"तू सरांना सांगितलंस की मी हो म्हणाले."

तू चालायची थांबलीस. "सांगितलं."

"मी कधी म्हणाले?"

"म्हणाली असतीस. मी समजावलं असतं तर."

"मग समजावायचं होतंस."

"वेळ नव्हता गं. छपाई अडली होती."

"वेळ नव्हता का तोंड नव्हतं?"

तू रस्त्याकडे बघत म्हणालीस, "कुसुम, ते शून्य छापलं असतं तर काय झालं असतं ते बघ. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं असतं. मुंबई मागतायत, आणि आपल्यातल्याच माणसाला साच्याजवळ उभं करत नाहीत. मुंबई तोडायला निघालेल्यांच्या हातात आपणच काठी द्यायची? आत्ता? माणसं गोळ्या खाऊन मेलीत."

"ते खोटं आहे का?"

"खरं आहे. म्हणून तर."

"आमची पण माणसं मोर्चात होती. माझे वडील होते."

"माहीत आहे. म्हणूनच म्हणते, आत्ता मराठी माणूस एका रकान्यात दिसू दे. आधी मुंबई मिळू दे. मग तुझा रकाना."

माझा रकाना. एका वाक्यात तो माझा झाला. सरांपुढे भांडलीस तेव्हा तो आपला होता.

मी विचारलं, "आबांना विचारलंस का?"

तू भराभर चालू लागलीस. मला तेवढं पुरलं. साचाखात्यातल्या त्या मोठ्या आकड्यात आबा होते. ते शून्य त्यांच्या शेजारी उभं राहणार होतं. चळवळीचं कारण खोटं होतं असं मी म्हणत नाही, तू त्यासाठी तुरुंगात गेली होतीस. पण तुला आबांनाही वाचवायचं होतं. तू तसं म्हणाली असतीस, तर मला रागाबरोबर थोडी माया आली असती. तू मला मुंबई सांगितलीस.

आणि एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. त्याच आठवड्यात वडिलांनी चाळीच्या वाचनालयात माणसं जमवली होती. पुस्तक मी वाचून दाखवणार होते. मी गेले. तक्त्याचं पान काढलं आणि वाचलं. वडील थांबून राहिले होते, बाकीचेही. एकानं विचारलं, "आपला रकाना कुठंय?"

मी म्हणाले, "छापताना राहिला."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं की मी खोटं बोलते आहे. त्यांनी सतरंजी गुंडाळायला घेतली आणि त्या दिवसापासून पुस्तकाचा विषय काढला नाही. मी तुझं नाव का नाही सांगितलं, ते मला अजून नीट कळत नाही. कदाचित मलाच लाज वाटली. मी ज्या घरात जेवत होते, त्या घराबद्दल त्यांना काय सांगणार होते?

पुढचं वर्ष आपण एकाच टेबलाशी समोरासमोर बसलो. "डिंक दे." "हा गठ्ठा झाला." एवढंच. संध्याकाळी मी मुद्दाम उशिरा निघायचे किंवा लवकर. तू दोनदा म्हणालीस, आईनं विचारलंय. मी म्हटलं, बघते. मला वाटायचं, तू एकदा तरी म्हणशील की चुकलं. तू कामात कधी चुकत नसायचीस आणि चुकलीस तर लगेच खोडून पुन्हा लिहायचीस. या एका ठिकाणी तू खोडलं नाहीस.

मे महिन्यात महाराष्ट्र झाला. मुंबई मिळाली. आमच्या चाळीतही दिवे लागले, गुलाल उडाला, वडिलांनी नवा सदरा घातला. संध्याकाळी तू पेढे घेऊन आलीस. वर्षानंतर आमच्या जिन्यावर तुझी चप्पल वाजली आणि मला ती ओळखू आली, याचा मला राग आला. वडिलांनी पेढा घेतला, तुझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी तुला गॅलरीत घेऊन गेले.

"मिळाली मुंबई," मी म्हणाले. "आता?"

तू हसलीस. किती दिवसांनी मी तुला तसं हसताना बघितलं. "आता करू. कार्डं आहेतच. पुन्हा एक फेरी घालू, चाराला चार ठेवू. मी स्वतः सरांशी बोलते."

"खरंच?"

"खरंच. मी म्हटलं होतं ना, मग तुझा रकाना."

मी त्या रात्री जेवताना वडिलांशी भरपूर बोलले. मी तुझ्यावर पुन्हा विश्वास ठेवला, शालन. हे लिहिताना मला माझाच राग येतो.

जून उजाडला तरी तू सरांशी बोलली नाहीस. मग मीच गेले. सर म्हणाले, "कार्डं? ती कधीच गेली, कच्च्या तक्त्यांसकट. आतली खोली रिकामी करून द्यायची होती, तेव्हा रद्दीत घातली. होळीच्या सुमारास. शालिनीबाईंना माहीत असेल, चाव्या त्यांच्याकडे होत्या."

होळी मार्चमध्ये. तू पेढे घेऊन आलीस मेमध्ये.

तुला माहीत होतं का? याच एका प्रश्नापाशी मी येऊन थांबते. चाव्या तुझ्याकडे होत्या, म्हणून तूच खोली उघडून दिली असशील असं नाही. आनंदाच्या भरात तू विसरली असशील. किंवा तुला माहीत होतं आणि त्या दिवशी आमच्या दारात तुला नाही म्हणवलं नाही. किंवा तुला माहीत होतं, आणि मला पुन्हा एकदा गप्प ठेवायचं होतं. मी या तिन्ही शालन ओळखते.

विचारायला म्हणून मी दुसऱ्या दिवशी कचेरीत आले, तर तू आली नव्हतीस. कावीळ झाली म्हणाले. आठवड्यानं परळच्या इस्पितळात दाखल केलं. मी आले ती एकदाच. तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि हात पांघरुणावर हलके पडले होते. आई बाहेर औषध आणायला गेली होती. मी स्टुलावर बसले. प्रश्न तोंडात होता. तूच आधी बोललीस.

"सरांकडे गेली होतीस ना?"

"हो."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, आता सांगशील. तू म्हणालीस, "पुन्हा करायचं तर घरोघर जावं लागेल."

"हो."

"बरी झाले की मी येईन तुझ्याबरोबर."

मी म्हणाले, "नको."

तू मान हलवलीस. म्हणजे काय, मला कळलं नाही. मग आई आली आणि मी उठले. आपल्यातला शेवटचा शब्द तो. मी तो परत घ्यावा असं मला कधी कधी वाटतं. सगळ्या वेळी वाटतं असं नाही.

चौथ्या दिवशी तू गेलीस. मला सरांकडून कळलं, तोवर सगळं उरकलं होतं. तुझ्या घरी मी गेले नाही. दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही.

तू गेल्यावर दुसऱ्या रविवारी मी कोरी कार्डं घेऊन बाहेर पडले. सरांना विचारलं नाही. रविवारी मला कोण अडवणार? यंत्र मिळणार नाही, मग हातानं मोजीन. जुन्या यादीतल्याच चाळी, त्याच क्रमानं, सगळी घरं, आमची आणि तुमची. लोक ओळखत होते. विचारत होते, मागं लिहून नेलंत त्याचं काय झालं? मी प्रत्येक दारात सांगत गेले, "कचेरीत चुकलं."

पुढच्या रविवारी काळाचौकीला एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. "मागं आल्तीस ती तूच ना? मग काय झालं त्याचं?"

"कचेरीत चुकलं, आजी."

"कचेरीत म्हंजी कुनाच्या हातनं?"

मी हातातलं कार्ड खाली ठेवलं. मग म्हणाले, "माझ्या मैत्रिणीच्या हातनं. चुकलं नाही. तिनं मुद्दाम केलं."

"आपल्यातली?"

"नाही. लालबागची."

"भांडलीस?"

"भांडले."

"मग?"

"मग ती वारली. आता तीन आठवडे होतील."

त्यांचा हात सुपात थांबला. त्या बरं झालं म्हणाल्या नाहीत, आणि अरेरेही म्हणाल्या नाहीत. "आई हाय तिची?"

"आहे."

"जाऊन आलीस?"

"नाही."

त्यांनी पुन्हा खडे वेचायला घेतले. "बस. लिव." माणसं, गाव, भाषा, धर्म, मुलाचं खातं. मी लिहिलं. त्यांनी वाचून दाखवायला लावलं, आणि बरोबर म्हणाल्या. मी उठले तेव्हा खाली बघतच बोलल्या, "लालबाग हितनं लांब न्हाई."

लांब नाही, ते मला माहीत आहे. मी त्या दिवशी सरळ घरी आले.

शालन, मी तुला माफ केलेलं नाही. तू माझ्यासाठी सरांशी भांडलीस, तू मला काम शिकवलंस, तुझ्या घरात मी पोटभर जेवले, आणि तू माझ्या नावानं खोटं बोललीस. यातलं एक दुसऱ्यात मिळवून बेरीज करायला मला जमत नाही. वेगळ्या रकान्यांची तशी बेरीज करायची नसते, हेही मी तुझ्याकडूनच शिकले होते.

येत्या रविवारी यादीत तुमची चाळ आहे. मी ती वगळणार नाही. आबांना मी खातं विचारीन. त्यांच्या आजूबाजूच्या साच्यांवर कोण असतं, आमच्यातला एखादा कधी होता का, तेही विचारीन, आणि ते जे सांगतील ते लिहून घेईन. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्यानं विचारावं लागेल. सगळ्या चाळीला ऐकू जाईल.

आणि त्याच्याही आधी, कार्डावर पहिला प्रश्न तोच आहे म्हणून, तुझ्या आईला मला विचारावं लागेल की घरात माणसं किती.

कुसुम